पागोळ्या वळचणीला, दुखणं माळ्यावर

प्रश्न : अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलोच्या दक्षिणेकडच्या उपनगरात आमचं जुनं घर आहे. दर जानेवारीत वळचणीला बर्फाच्या हातभर पागोळ्या लोंबतात. यंदा स्वयंपाकघराच्या छताला बाहेरच्या भिंतीलगत ओल आली. पन्हळीत तापणारी विजेची तार बसवावी का?

उत्तर : तारेचा खर्च करण्याआधी एकदा माळ्यावर चढून पाहा. घरातली ऊब फटींतून माळ्यात शिरते, छपराच्या फळ्या तापतात आणि वरचा स्नो खालच्या बाजूने वितळतो. पाणी उतारावरून वळचणीपर्यंत येतं. वळचण भिंतीच्या बाहेर, तिच्याखाली ऊब नाही, म्हणून पाणी तिथं गोठतं आणि बांध तयार होतो. शिंगल, म्हणजे छपरावरचे एकावर एक चढवलेले पातळ तुकडे, वाहतं पाणी उतरवून देतात, तुंबलेलं पाणी मात्र त्यांच्याखाली शिरतं. तुमची ओल तीच. तारेने बांधात एखादा चर पडेल, ऊब गळायची थांबणार नाही.

माळ्यावरचं काम क्रमानेच करा. आधी फटी बुजवायच्या: माळ्याचं झाकण, छतात बसवलेले दिवे, नळ आणि वायरी वर जातात ती भोकं. चिमणीभोवतीच्या फटीला पत्रा आणि आगीत टिकणारं सीलंट लावा, साधा फोम तिथं चालत नाही. न्हाणीघराच्या पंख्याची नळी माळ्यातच सोडलेली आढळली, तर ती छपराबाहेर काढा. जुन्या घरांत हे फार दिसतं. त्यानंतर इन्सुलेशन, म्हणजे ऊब अडवणारा थर. तुमच्या हवामानाला आर-49 ते आर-60 हवं (आर हे ऊब अडवण्याचं माप), म्हणजे फवारून भरलेलं सेल्युलोज (कागदाचा भुगा) साधारण 14 ते 17 इंच. फटी तशाच ठेवून वर सेल्युलोज ओतलं, तर हवा त्यातूनही वाट काढते आणि पैसे वाया जातात. वळचणीच्या जाळ्यांतून येणारी थंड हवाही अडता कामा नये, म्हणून दर दोन वाशांमध्ये आधी बॅफल, म्हणजे हवेला वाट ठेवणारी पन्हळीसारखी पट्टी, ठोकून घ्या.

हे सगळं उन्हाळ्यात. सध्या जमिनीवर उभं राहून लांब दांड्याच्या रूफ रेकने (छपरावरचा स्नो ओढायच्या फावड्याने) वळचणीपासून वरचा तीन-चार फूट स्नो ओढा. शिंगलवर इंचभर राहू द्या, खरवडू नका, आणि दांडा विजेच्या तारांपासून दूर ठेवा. बांध झालाच असेल, तर नायलॉनच्या जुन्या मोज्यात कॅल्शियम क्लोराइड (बर्फ वितळवणारा क्षार) भरून तो बांधावर उभा, उताराच्या दिशेने टाका. पाण्याला वाट मिळते. साधं खडेमीठ पन्हळ आणि खिळे गंजवतं. कुऱ्हाड-हातोडीने बर्फाआधी शिंगल फुटतात. पाणी घरात येतच असेल, तर वाफेने बर्फ काढणाऱ्याला बोलवा.

छपरावरच्या वजनाचा अंदाजही असू द्या. भुसभुशीत ताजा स्नो 10-12 इंच असेल, तर दर चौरस फुटाला सुमारे 5 पौंड. दाबून बसलेला असेल, तर तेवढंच वजन 3 ते 5 इंचांतच. नोव्हेंबर 2022मध्ये बफेलोजवळच्या ऑर्चर्ड पार्कला सुमारे 80 इंच पडला होता, त्यावरून हिशेब करा. दारं एकाएकी घट्ट बसू लागली, छताला नव्या भेगा दिसल्या, तर घराबाहेर पडून मग फोन करायचा.

प्रश्न : ड्राइव्हवे साफ करून आत येते न येते, तोच नगरपालिकेचा रस्त्यावरचा स्नो लोटणारा नांगर-ट्रक तोंडाशी ढीग लोटून जातो. स्नोब्लोअर (स्नो उचलून दूर फेकणारं यंत्र) तो ढीग घेतच नाही. मीठ टाकू का?

उत्तर : मिठाने ढीग हलत नाही. रस्त्याकडे तोंड करून उभ्या राहा: तुमचा स्नो उजवीकडे टाका आणि डावीकडे, ड्राइव्हवेच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला, आठ-दहा फुटांचा खिसा मोकळा करा. नांगर डावीकडूनच येतो, त्यामुळे बराचसा बोजा त्या खिशातच रिता होतो. उरलेला ढीग गोठण्याआधी यंत्राच्या अर्ध्या रुंदीचे पट्टे घेत हळू काढा. इंजिन चालू असून ऑगर (पुढचं स्नो ओढणारं मळसूत्री पातं) फिरत नसेल, तर बहुधा त्याची शिअर पिन, म्हणजे जोडणारी मऊ खीळ, तुटली आहे. ती तुटण्यासाठीच असते. जागी साधा बोल्ट घातलात, तर पुढच्या वेळी गिअरबॉक्स जाईल. यंत्राच्या तोंडात स्नो अडकला, तर इंजिन बंद करून काठीनेच काढा, हात कधीही नको.

मीठ लागेल ते खालच्या पातळ थराला. साधं मीठ 15 अंश फॅरनहाइटच्या खाली जवळजवळ कामाचं नाही. त्यापेक्षा थंडीत कॅल्शियम क्लोराइड वापरा. काँक्रीट यंदाच ओतलेलं असेल, तर पहिला हिवाळा फक्त वाळू.

प्रश्न : हिमवादळात फर्नेस (घर तापवणारी भट्टी) पुनःपुन्हा बंद पडते, सकाळी आपोआप चालते. बिघाड कुठे?

उत्तर : बाहेरच्या भिंतीतून निघालेले पांढरे पीव्हीसी पाइप पाहा. फर्नेसची हवा त्यांतूनच आत-बाहेर होते. ते स्नोखाली गेले की हवा अडते आणि प्रेशर स्विच (हवेचा दाब पाहणारं बटण) फर्नेस थांबवतो. भोवती तीन फूट जागा हाताने मोकळी करा. स्नोब्लोअरचा झोत तिकडे गेला, तर पाइप पुन्हा भरतात. झोपायच्या खोल्यांबाहेर कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूचे अलार्म आजच तपासा. ते वाजले, तर आधी सगळ्यांनी बाहेर पडायचं, पाइप नंतर.