मद्य साठवायची भांडी: नव्या माणसाला सल्ला

सुरुवातीला काचच घे. काच मद्याशी क्रिया करत नाही आणि ती आधीचा वास धरून ठेवत नाही. फक्त मोठ्या काचेच्या बरण्यांच्या मोहात पडू नकोस. एक फुटली तर जमिनीवर ज्वलनशील द्रव पसरतो. ४० टक्क्यांचं मद्यसुद्धा साधारण २६ अंश सेल्सियसला पेट घेण्याइतकी वाफ सोडतं. म्हणून लहान बाटल्या, त्याही शेगडीपासून लांब.

प्लास्टिकच्या बाबतीत मी तडजोड करत नाही. इथेनॉल हा जोरदार द्रावक आहे. मद्य जितकं तीव्र, तितकी प्लास्टिकमधली रसायनं त्यात उतरण्याचा धोका जास्त. कॅनवर 'फूड ग्रेड' लिहिलंय म्हणजे त्यात कडक मद्य महिनोन्‌महिने ठेवता येईल, असा अर्थ होत नाही. ३०४ प्रतीचं स्टेनलेस स्टील चालतं. ॲल्युमिनियम, पितळ, जस्ताचा मुलामा दिलेली भांडी अजिबात नकोत.

लेड क्रिस्टलचे, म्हणजे शिसं मिसळलेल्या काचेचे, देखणे डिकँटर (मद्य ओतून ठेवायच्या शोभेच्या बाटल्या) मात्र खरंच घातक. त्यातलं शिसं हळूहळू मद्यात उतरतं, आणि चवीवरून ते कळत नाही. झिलईत काय आहे हे माहीत नसलेली मातीची भांडीही त्याच कारणासाठी टाळ.

बूच कॉर्कचं असेल तर बाटली उभी ठेव, आडवीत मद्य कॉर्क झिजवतं. गळ्याशी थोडी जागा सोड, कारण उष्णतेने द्रव फुगतो. आणि पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत कधीही भरू नकोस, घरातलं लहान मूल तहानेने तीच उचलेल. नाव, तीव्रता आणि तारीख लिहिलेली चिठ्ठी भरल्या भरल्या चिकटव.