कोंबड्या रात्री खुराड्यात जायलाच मागत नाहीत!

प्रश्न: आमच्याकडे गोराईला परसात सात गावठी कोंबड्या आहेत. पावसाळा लागल्यापासून संध्याकाळी खुराड्यात शिरत नाहीत, अंडी कमी झालीत, तुरे पांढरट पडलेत. दिवसा अंगावर बघितलं तर काहीच नाही. काय असेल?

उत्तर: ताई, दिवसा दिसणारच नाही ना! हे लाल माइट्स (रक्त पिणारे अगदी बारीक किडे) वाटतात, ते दिवसा लाकडाच्या फटीत, दांडीच्या खाली लपतात आणि रात्री रक्त प्यायला बाहेर येतात, म्हणून तुरे फिके. रात्री टॉर्च घेऊन जा, दांडीच्या खालून पांढरा टिश्यू फिरवा, लाल डाग उमटले की समजा तेच.

आता नुसतं कोंबडीला औषध लावून भागत नाही, खरी वस्ती खुराड्यात असते. जुना भुसा सगळा बाहेर काढून जाळा, कोंबड्या लांब ठेवून फटीफटीत उकळतं पाणी ओता, कडक वाळवा (मुंबईच्या पावसात हे बोलणं सोपं, माहितीये मला), मग पर्मेथ्रिन या कीटकनाशकाचा स्प्रे, कोंबड्यांना चालणाराच, लेबल वाचून. आठवड्याने परत मारायचा, कारण माइट्सची अंडी वाचतात आणि गरमीत आठ-दहा दिवसांत नवीन पिढी तयार. बहुतेक लोक इथेच कंटाळतात.

रॉकेल अंगाला चोळू नका प्लीज. आयव्हरमेक्टिन (असे किडे मारायचं औषध) व्हेटला विचारूनच, अंडी किती दिवस खायची नाहीत तेही विचारा. धूळस्नानाला कोरडी माती आणि चुलीची राख ठेवा, नवीन कोंबडी आणली तर आधी वेगळी बांधा. आणि खुराडं रिकामं ठेवून माइट्स उपाशी मरतील असं कोणी सांगितलं तर ऐकू नका, ते महिनोन् महिने तग धरतात.