द मंकीज हा खरा बँड होता की बीटल्सची टीव्हीवरची नक्कल?

अमेरिकेतल्या एका टीव्ही मालिकेसाठी, नक्कल म्हणूनच जन्माला आला. पण मालिका सुरू झाल्यावर वर्षभराच्या आत भांडून खरा बँड झाला.

आणि नक्कल तरी बीटल्सच्या गाण्यांपेक्षा त्यांच्या १९६४ च्या सिनेमाची. रिचर्ड लेस्टरच्या ‘अ हार्ड डेज नाइट’मध्ये चौघं पोरं नुसती पळतात, वाकडी उत्तरं देतात आणि मध्येच गाणं सुरू होतं. हेच दर आठवड्याला टीव्हीवर दाखवायचं, असं बॉब राफेल्सन आणि बर्ट श्नायडर या निर्मात्यांनी ठरवलं. सप्टेंबर १९६५ मध्ये जाहिरात दिली: चार वेडी मुलं हवीत, वय १७ ते २१. चारशेहून जास्त जण आले. निवडलेल्यांपैकी मायकल नेस्मिथ आणि पीटर टॉर्क हे मुळात वादक, मिकी डोलेन्झ आणि डेव्ही जोन्स हे नट. जोन्स तर मँचेस्टरचा. ९ फेब्रुवारी १९६४ ला बीटल्स एड सलिव्हनच्या कार्यक्रमात पहिल्यांदा अमेरिकेसमोर आले, त्याच भागात हाही ब्रॉडवेच्या ‘ऑलिव्हर!’ या संगीत नाटकातल्या कलाकारांबरोबर गाऊन गेला होता.

सप्टेंबर १९६६ मध्ये एनबीसी या अमेरिकी वाहिनीवर मालिका सुरू झाली. संगीताची सूत्रं डॉन कर्शनरकडे होती. नील डायमंड, कॅरोल किंग यांच्यासारख्यांकडून गाणी घ्यायची, वादन स्टुडिओतल्या भाडोत्री वादकांकडून करून घ्यायचं आणि या चौघांनी फक्त गायचं, अशी पद्धत. (‘श्रेक’ या ॲनिमेशनपटातलं ‘आय ॲम अ बिलीव्हर’ मुळात यांचं, डायमंडने लिहिलेलं.) हे बाहेर फुटल्यावर तिकडे मोठा गहजब झाला. आपल्याला त्यात विशेष वाटणार नाही. पडद्यावर गिटार नायकाच्या हातात आणि वाजवणारा गोव्याचा कुणी वादक, हे पाहतच आपण मोठे झालो. तिथेही बर्ड्ससारख्या मानाच्या बँडच्या पहिल्या हिट गाण्यात त्यांच्यातल्या एकट्या रॉजर मॅग्विननेच वाद्य वाजवलं होतं. पण शिव्या खाल्ल्या मंकीजनी, कारण ते टीव्हीवाले.

सगळ्यात जास्त चिडला होता नेस्मिथ. १९६७ च्या सुरुवातीला दुसरी रेकॉर्ड यांना न विचारताच बाजारात आली. त्यावरून झालेल्या बैठकीत कर्शनरच्या वकिलाने ‘आधी करार वाच’ असं सुनावलं, तेव्हा नेस्मिथने हॉटेलच्या भिंतीत ठोसा मारून भोक पाडलं. पुढे काही आठवड्यांत कर्शनरची गच्छंती झाली. त्याने नंतर आर्चीज हाती घेतले. कार्टूनमधला बँड, म्हणजे भिंत फोडायला कुणी नाही! ‘शुगर, शुगर’ त्यांचंच.

मग चौघांनी बहुतेक सगळं स्वतः वाजवून मे १९६७ मध्ये ‘हेडक्वार्टर्स’ काढली. डोलेन्झला ड्रम वाजवणं मालिकेसाठी शिकावं लागलं होतं, आणि ते रेकॉर्डवर ऐकू येतं. मला तो कच्चेपणा आवडतो. रेकॉर्ड अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेली, पण एकच आठवडा. लगेच बीटल्सची ‘सार्जंट पेपर’ आली आणि हे दुसऱ्या क्रमांकावर घसरले.

खुद्द बीटल्सना मात्र यांचा राग कधीच नव्हता. फेब्रुवारी १९६७ मध्ये ‘अ डे इन द लाइफ’ या गाण्यासाठी लंडनच्या ॲबे रोड स्टुडिओत ऑर्केस्ट्रा बसवला, तेव्हा पाहुण्यांत नेस्मिथ होता. जॉर्ज हॅरिसनने ‘वंडरवॉल’ सिनेमाचं संगीत केलं, त्यात टॉर्कने बँजो वाजवला. त्याच सिनेमाच्या संगीताचा बराच भाग हॅरिसनने जानेवारी १९६८ मध्ये मुंबईत, एचएमव्हीच्या स्टुडिओत, आपल्या वादकांकडून वाजवून घेतला होता.

‘मंकीजनी १९६७ मध्ये बीटल्स आणि रोलिंग स्टोन्स यांच्या एकत्रित विक्रीपेक्षा जास्त रेकॉर्ड विकल्या’ हे वाक्य नेटवर जागोजागी सापडेल. त्यावर विसंबू नका. ती आपणच एका पत्रकाराला मारलेली थाप होती, असं नेस्मिथने पुढे सांगून टाकलं.

ऐकायचं असेल तर ‘हेडक्वार्टर्स’पासून सुरुवात करा. मालिका त्यानंतर बघा, पहिले दोन-तीन भाग पुरेत.