‘अंगाचा तिळपापड झाला’: हे दाखवणं की सांगणं?

प्रश्न असा आहे. नव्यानं कथा लिहू लागलेल्या एका बाईंच्या कथेत वाक्य होतं, ‘हे ऐकून सासूबाईंच्या अंगाचा तिळपापड झाला.’ वाचणाऱ्यानं समासात शेरा मारला, ‘सांगू नका, दाखवा.’ बाई विचारतात, ‘सासूबाई चिडल्या असं मी लिहिलेलंच नाही. तिळपापड हे चित्रच आहे ना? मग हे सांगणं कसं?’ शिवाय या ‘दाखवा’ला मराठीत आणखी नेमका शब्द आहे का, हेही त्यांना हवं आहे.

माझ्या मते शेरा बरोबर आहे आणि बाईंची शंकाही खरी आहे. तिळपापड हे एके काळी चित्रच होतं. पापड निखाऱ्यावर धरून बघा. आधी कडा वळतात, मग अंगभर फोड येतात, तीळ तडतडतात, आणि चिमटा जरा रेंगाळला की काळा डाग पडतो. संतापलेल्या माणसाला हा पापड ज्यानं कुणी पहिल्यांदा लावला, त्यानं तो चुलीपुढे बसून नीट पाहिला असणार. पण आज हे वाक्य वाचताना पापड कुणालाच दिसत नाही. डोळा थेट ‘राग’ या अर्थावर जाऊन पोचतो. एका हस्तलिखितात मी वाचलं होतं, ‘तिचे हातपाय गळाले आणि ती धावतच दाराशी गेली.’ गळालेल्या पायांनी कुणी धावत नाही. लिहिणारीला ते पाय दिसतच नव्हते, तिला फक्त ‘घाबरली’ म्हणायचं होतं. रुळलेला वाक्प्रचार हा असा भावनेचं दुसरं नाव होऊन बसतो.

एक अपवाद मात्र महत्त्वाचा आहे. हेच शब्द पात्राच्या तोंडी घाला. ‘अगं, नुसता तिळपापड झाला होता त्यांचा!’ असं शेजारीण सांगते तेव्हा सासूबाईंचा राग राहतो बाजूला, शेजारणीला त्यात किती गंमत वाटतेय ते दिसतं. म्हणून कथेतले वाक्प्रचार सरसकट खोडू नका. ते कुणाच्या तोंडी आहेत ते बघा.

आता शब्दाकडे. ‘दाखवा, सांगू नका’ हे मराठी कानाला खटकतं, कारण आपल्याकडे गोष्ट सांगायचीच असते. ‘आटपाट नगर होतं’ इथपासून कहाणी सरळ सांगत सुटते आणि त्यात तिचं काही बिघडत नाही. बारा वर्षं गेली, घर विकलं, मुलगा मुंबईला गेला, हे सांगूनच टाकावं. अडचण सांगण्याची नाहीच, भावनेचं नाव घेण्याची आहे. आणि याला आपल्या साहित्यशास्त्रात फार जुनं नाव आहे. नवव्या शतकात काश्मीरच्या आनंदवर्धन या साहित्यशास्त्रकारानं म्हटलं, की ‘शृंगार’ (म्हणजे प्रेमाचा रस) हा शब्द उच्चारल्यानं शृंगार प्रतीत होत नाही. पुढे अकराव्या शतकात मम्मटानं ‘काव्यप्रकाश’ या आपल्या ग्रंथात रसदोष, म्हणजे रस बिघडवणाऱ्या चुका, मोजले, त्यांतला पहिलाच ‘शब्दवाच्यता’ हा. म्हणजे रस, स्थायिभाव (मनात टिकून राहणारा मुख्य भाव) किंवा व्यभिचारिभाव (मधेच येऊन जाणारा भाव) त्याच्या स्वतःच्या नावानं सांगून मोकळं होणं. तुमच्या समासातला शेरा मम्मटानं नऊशे वर्षांपूर्वीच मारून ठेवलाय.

मग नाव घ्यायचं नाही तर काय लिहायचं? त्याला भरताच्या नाट्यशास्त्रातला शब्द आहे, ‘अनुभाव’. (अनुभव नव्हे, छापताना याची फार गल्लत होते.) मनातला भाव ज्या खुणांनी बाहेर कळतो त्या खुणा म्हणजे अनुभाव. त्यांतल्या अंगावर आपोआप उमटणाऱ्या खुणा म्हणून भरतानं आठ सात्त्विक भाव दिले आहेत: स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभंग, वेपथु, वैवर्ण्य, अश्रू, प्रलय (शुद्ध हरपणं). ही यादी वाचताना मला दरवेळी आपली बोलभाषा आठवते. जागच्या जागी थिजला, घाम फुटला, अंगावर काटा आला, कंठ दाटला, कापरं भरलं, चेहरा पांढराफटक पडला. नट रंगभूमीवर खरोखर कापतो, आपण बघतो. कागदावर मात्र ‘कापरं भरलं’ एवढे शब्दच उरतात आणि तेही हजारदा वाचलेले. तेव्हा सात्त्विक भावांची मराठी यादी उतरवून काढली म्हणजे दाखवलं, असं होत नाही.

मराठीत दाखवण्याची खरी सोय क्रियापदात आहे, आणि लिहायला शिकवताना याकडे फारच कमी लक्ष दिलं जातं. बाई कणीक मळतेय, एवढंच घ्या. ‘तिनं कणीक मळली’ यातून काही कळत नाही. ‘मळून ठेवली’ म्हटलं की पुढचा विचार करणारी, कुठून तरी परत येऊन पोळ्या लाटायच्या आहेत अशी बाई दिसते. ‘मळून टाकली’ म्हटलं की काम एकदाचं हातावेगळं केलेली. ‘मळून दिली’ म्हणताच स्वयंपाकघरात दुसरं माणूस आलं, पोळ्या ते करणार. ‘मळायला घेतली’ म्हणजे बोलणं चालू असताना ही उठून परातीकडे वळली. आणि ‘मळत बसली’ म्हणजे कणीक केव्हाच झालीय, हात चालू आहेत, मन तिथं नाही. ठेव, टाक, दे, घे, बस. शाळेत आपण त्यांना सहायक क्रियापदं म्हणून अधोरेखित केलं आणि सोडून दिलं. कथेत ही अर्ध्याहून जास्त काम करतात.

वर मी सहज ‘एकदाचं’ लिहून गेलो, तोही असाच शब्द. ‘तो आला’ आणि ‘तो आला एकदाचा’. दुसऱ्या वाक्यात वाट पाहून कंटाळलेलं माणूस आहे, त्याच्याबद्दल एक अक्षरही न लिहिता. ‘आजारी आहे’ आणि ‘आजारी आहे म्हणे’ यांतही तेच. ‘म्हणे’ आलं की बोलणाऱ्यानं हात झटकले. त्याचा विश्वास नाही किंवा त्याला त्यात पडायचं नाही.

हावभाव लिहिताना मात्र जपा. ‘तिनं खांदे उडवले’ हे भाषांतरित कादंबऱ्यांतून आलेलं वाटतं; आपल्याकडे बायका नाक मुरडतात, कपाळावर हात मारतात, तोंडाला पदर लावतात. आणि हावभाव नुसता ठेवून भागत नाही. आजी नातवाच्या अंगावरून हात ओवाळून कानशिलावर बोटं मोडते ती दृष्ट काढायला, आणि तीच आजी भाऊबंदांच्या नावानं बोटं मोडते ती शिव्याशाप द्यायला. बोटं तीच, आवाजही तोच.

आता तुमच्या सासूबाईंकडे येतो. कथेत सून सांगते की यंदा गौरी-गणपतीला गावी यायला जमणार नाही, आणि पुढे ते तिळपापडाचं वाक्य येतं. त्याआधीच्या पानांत सासूबाई सुनेला ‘अगं’, ‘तू’ म्हणतात, स्वतःला ‘मी’ म्हणतात. ही तुमची मोठी जमा आहे, ती वापरा. मराठी सासूला राग दाखवायला आवाज चढवावा लागत नाही. ती ‘तू’ची ‘तुम्ही’ करते आणि ‘मी’ची ‘आम्ही’. मी असं करून पाहिलं:

‘आई, यंदा गौरीला रजा नाही मिळायची.’

सासूबाईंनी परातीतला गोळा उलटा केला आणि पुन्हा मळत बसल्या.

‘बरं. तुमचं ऑफिस आधी. गौरींना काय, आम्ही सांगू तसं.’

यापुढे तुम्ही लिहिलं आहे, ‘सुनेला अपराधी वाटलं.’ तेही खोडा. त्या जागी सून काय करते ते मला ठरवता येणार नाही, ती तुमची आहे. ‘अहो आई, तसं नाही’ म्हणते, की काही न बोलता लाटणं-पोळपाट घेऊन शेजारी येऊन बसते, हे तुम्हालाच माहीत.