कॅम्पर व्हॅनमध्ये पाण्याची टाकी, पंप आणि पाइपलाइन कशी प्लॅन करावी?

तुम्ही विचारलंय की दोघांसाठी व्हॅन बनवताय, १०० लिटरची टाकी, सिंक, शॉवर आणि गरम पाणी असं सगळं हवंय, तर सुरुवात कुठून करू. मी माझ्या व्हॅनची पाण्याची लाइन दोनदा टाकली आहे, पहिली उखडून दुसरी, म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

टाकी आत्ताच घेऊ नका. आधी घरीच दोन दिवस २० लिटरचा कॅन भरून ठेवा आणि पिणं, स्वयंपाक, भांडी, दात घासणं सगळं त्यातूनच करा, घरच्या नळाला हात लावायचा नाही. आमचं अंघोळ सोडून माणशी दिवसाला ८-९ लिटरमध्ये भागतं, तुमचा आकडा वेगळा येईल आणि तोच खरा. शॉवर आला की हिशोब फिरतो, कमी धारेचा शॉवरसुद्धा मिनिटाला ५-६ लिटर सहज घेतो. आणि एक लिटर म्हणजे एक किलो, म्हणजे १०० लिटर भरले की १०० किलो, शिवाय टाकीचं वजन वेगळं, ते तुमच्या गाडीच्या परवानगीच्या वजनात बसतंय का ते आधी बघा. टाकी शक्य तितकी खाली आणि चाकांच्या आसाजवळ ठेवा, एका बाजूला ठेवावी लागली तर विरुद्ध बाजूला बॅटरी वगैरे जड सामान घ्या. अर्धी भरलेली टाकी वळणावर हिंदकळते आणि ते स्टिअरिंगवर जाणवतं, म्हणून मोठी टाकी असेल तर आत आडवे पडदे (पाणी अडवणाऱ्या पातळ भिंती) असलेली घ्या.

टाकीला हवेची नळी हवीच हवी. ती नसली की भरताना पाणी उलटं उसळतं आणि पंप ओढायला लागला की टाकीच्या भिंती आत ओढल्या जातात, धार बारीक होते, आणि आपण पंपाला दोष देत बसतो.

पंप १२ व्होल्टचा, प्रेशर स्विचवाला घ्या, नळ उघडला की चालू आणि बंद केला की बंद. त्याच्या आधी जाळीचा फिल्टर लावा, नवीन टाकीत ड्रिलिंगचे प्लॅस्टिकचे कण राहतात ते सरळ पंपाच्या व्हॉल्व्हमध्ये जाऊन अडकतात. पंप बॅटरी फार खात नाही, ६ अँपिअरचा पंप दिवसभरात मिळून १० मिनिटं चालला तरी १ अँपिअर-तासच (बॅटरीतली वीज मोजायचं माप) होतो. पण त्याचा मेन स्विच दाराजवळ घ्या आणि बाहेर जाताना, झोपताना बंद करा, कारण एखादा जोड सुटला तर प्रेशर कमी झालं एवढंच पंपाला कळतं आणि तो अख्खी टाकी तुमच्या गाडीत ओततो. कोणी नळ उघडला नसताना पंप मधूनच टक्‌ करून चालू होत असेल तर कुठेतरी गळतंय असं समजा.

माझी पहिली लाइन ह्याच कारणाने गेली. एक एल्बो (पाइप वळवायचा जोड) कपाटामागे, स्क्रू मारून बंद केलेल्या प्लायच्या आड होता, तो थेंब थेंब गळत राहिला आणि कळलं तेव्हा खालचा प्लाय फुगून सुटला होता. गाडी सतत थरथरते, त्यामुळे घरात वर्षानुवर्षं टिकणारा जोड इथे टिकेलच असं नाही. म्हणून जोड कमीत कमी ठेवा, जिथे आहे तिथे हात पोचलाच पाहिजे, आणि पाइप ठिकठिकाणी क्लिपने आवळा म्हणजे त्याचा भार जोडावर येत नाही. पाइप पिण्याच्या पाण्याला चालणारेच घ्या, बागेच्या साध्या नळीने पाण्याला वास लागतो.

आता गरम पाणी. १० लिटर पाणी २० अंशांवरून ४५ वर न्यायला साधारण २९० वॉट-तास लागतात, म्हणजे १२ व्होल्टच्या बॅटरीतून जवळजवळ २४ अँपिअर-तास, आणि हे फक्त एका माणसाच्या छोट्या अंघोळीचं! त्यामुळे बॅटरीवर गीझरचा विचार मी तरी सोडून दिला. शेगडीवर दोन लिटर पाणी उकळून गारात मिसळलं की अंग धुवायला पुरतं.

सांडपाण्याचा विचार लोक शेवटी करतात आणि तिथेच अडकतात. सिंकचा पाइप खालच्या सांडपाण्याच्या टाकीपर्यंत मीटरला निदान २ सेंटिमीटर उतरला पाहिजे, मध्ये खोलगट भाग राहिला की तिथे खरकटं साचून वास मारतं, म्हणून सिंकची जागाच ह्या उताराप्रमाणे ठरवा. ती टाकी नेहमी गटाराची सोय असेल तिथेच रिकामी करा, नदीकाठी किंवा उघड्यावर अजिबात नको.

चांगल्या पाण्याची टाकी अपारदर्शक असू दे, उजेड लागला की शेवाळ धरतं. पहिल्यांदा वापरण्याआधी, आणि गाडी बरेच दिवस उभी राहिली की, साधं बिनवासाचं ५ टक्क्यांचं ब्लीच लिटरला १ मिली ह्या हिशोबाने घाला, प्रत्येक नळातून थोडं काढून तीन-चार तास तसंच ठेवा आणि मग वास जाईपर्यंत खळखळून धुवा. थंडीत पाणी गोठून फुगतं आणि पाइप, पंप फोडतं, म्हणून सगळ्यात खालच्या जागी एक ड्रेन कॉक (सगळं पाणी सोडून द्यायची तोटी) ठेवा.

आणि कपाटं, प्लाय बसवायच्या आधी टाकी पूर्ण भरा, पंप चालू ठेवून रात्रभर सोडा, दुसऱ्या दिवशी खराब रस्त्यावर तासभर गाडी फिरवा आणि मग प्रत्येक जोडाला कोरडा टिश्यू लावून बघा. मोजलेले लिटर आणि गाडीतली मापं इथे टाका, टाकी कुठे बसेल ते सांगते.