(सप्टेंबर २०२५ मधला प्रश्न) फ्रीलान्सर आहे, १५ सप्टेंबरपर्यंत इन्कम टॅक्स रिटर्न भरून होणार नाही. मुदतवाढीचा अर्ज कुठे करायचा?

अर्ज वगैरे काही नसतो. आपल्याकडे एकट्या माणसाला मुदतवाढ मिळत नाही, सीबीडीटीने (केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने) वाढवली तर सगळ्यांचीच वाढते, आणि यंदा ३१ जुलैची १५ सप्टेंबर २०२५ आधीच करून झालीय. अजून वाढेल म्हणून थांबणार असाल तर कृपया थांबू नका. जरा चिडूनच लिहितोय, कारण आमच्या घरात याच विषयावरून तीन वर्षं वाद चालू आहे.

थोरल्या भावाने फॅब्रिकेशनचं वर्कशॉप टाकलं, पहिल्याच वर्षी साडेतीन लाख तोटा. जुलै २०२२ मध्ये मी रोज मागे लागलो होतो की दादा रिटर्न टाक, हिशोब मी बसून करून देतो. तो म्हणे २०२० ला वाढवली, २०२१ ला वाढवली, यंदाही वाढवणारच, तुलाच कसली घाई. नाही वाढवली. त्याने ऑगस्टच्या शेवटी भरला, उत्पन्नच नसल्यामुळे लेट फी शून्य, तर घरभर सांगत सुटला, बघ एक रुपया दंड लागला नाही. अरे पण तोटा? धंद्याचा तोटा पुढची ८ वर्षं धंद्याच्या नफ्यातून वजा करता येतो, पण रिटर्न मुदतीत भरला असेल तरच. नंतर जम बसला, चांगला नफा झाला आणि पूर्ण नफ्यावर टॅक्स भरला. आई म्हणते जाऊ दे आता. कसं जाऊ दे, तो अजून ओळखीपाळखीच्या लोकांना हाच सल्ला देतो! २०२३ आणि २०२४ लाही ३१ जुलै म्हणजे ३१ जुलैच होती.

तुमचं म्हणाल तर १५ ला नाही जमलं तरी ३१ डिसेंबरपर्यंत बिलेटेड म्हणजे उशिराचा रिटर्न भरता येतो, लेट फी ५००० रुपये, उत्पन्न ५ लाखांपर्यंत असेल तर १०००. पण टॅक्स बाकी असेल तर चलन आजच भरा, त्यासाठी रिटर्न तयार असायची गरज नाही. अ‍ॅडव्हान्स टॅक्स (वर्ष चालू असतानाच हप्त्याने भरायचा कर) कमी भरला असेल तर कलम २३४बी चं व्याज १ एप्रिलपासूनच महिन्याला १ टक्का चालू आहे, रिटर्नची तारीख कितीही पुढे गेली तरी ते थांबत नाही, आणि १५ नंतर बाकी टॅक्सवर कलम २३४ए चा (रिटर्न उशिरा भरल्याचा) महिन्याला आणखी १ टक्का. त्यात १५ सप्टेंबरलाच चालू वर्षाच्या अ‍ॅडव्हान्स टॅक्सचा दुसरा हप्ता, म्हणजे एकूण ४५ टक्के झाले पाहिजेत. ४४एडीए वाल्यांना (कमाईचा ठरावीक हिस्सा नफा धरून कर भरणाऱ्या व्यावसायिकांना) तेवढं नाही, त्यांचं सगळं एकदम १५ मार्चला.

हां, ऑडिटवाल्यांच्या तारखा वेगळ्या. आणि घसारा (यंत्रसामग्रीच्या झिजेची वजावट) रिटर्न उशिरा भरला तरी पुढे नेता येतो, दादा तेच धरून बसतो, पण मी साडेतीन लाख म्हणतोय ते घसारा सोडून. जुन्या रेजिममध्ये (वजावटी मिळणाऱ्या जुन्या करपद्धतीत) राहायचं असेल तर फॉर्म १०-आयईए १५ च्या आत टाकावाच लागेल, धंद्याचं उत्पन्न असलेल्याला उशिराच्या रिटर्नमध्ये नवीनच रेजिम घ्यावी लागते, मग ८०सी चे (गुंतवणुकीवरच्या वजावटीचे) कागद कितीही जमवून ठेवलेले असोत.