कार्यक्रमाच्या वेळी देवघेव बंद ठेवू नका

(वाचन आणि वाचनालयं यांविषयीच्या वाचकांच्या प्रश्नांना या सदरात उत्तरं देतात मध्य मुंबईतल्या एका सार्वजनिक वाचनालयाच्या निवृत्त ग्रंथपाल.)

प्रश्न : लालबाग भागातल्या एका ‘क’ वर्ग (सरकारी प्रतवारीत तिसऱ्या श्रेणीच्या) वाचनालयाचा मी कार्यवाह आहे. आम्ही वर्षाला आठ-नऊ कार्यक्रम करतो. १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन, २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन, उन्हाळ्यात मुलांचं शिबिर, अधूनमधून व्याख्यान. माणसं बऱ्यापैकी येतात, पण सभासद काही वाढत नाहीत. अभ्यासिकेत मात्र बसायला जागा नसते. कमिटीतले काही जण म्हणतात खर्च पुरे झाला, कार्यक्रम बंद करा. काही म्हणतात एखादा मोठा नट बोलवा. काय करावं?

उत्तर : दोन्ही करू नका. आधी मला एवढंच सांगा, तुमचा कार्यक्रम चालू असतो तेव्हा देवघेवीचं, म्हणजे पुस्तकं देण्या-घेण्याचं, टेबल उघडं असतं का?

हे विचारते, कारण आमच्याकडे ते बंद असायचं. एका लेखिकेला आम्ही बोलावलं होतं. सभागृह भरलं, लोक जिन्यात उभे होते. बाई तासभर इतक्या मोकळेपणाने बोलल्या, की लोकांचे डोळे भरून आले. कार्यक्रम संपल्यावर नऊवारीतल्या एक आजी माझ्यापाशी आल्या आणि म्हणाल्या, “यांचं ते आईवरचं पुस्तक मला आत्ताच्या आत्ता पाहिजे.” पुस्तक आमच्याकडे होतं. दोन प्रती होत्या. पण देवघेव सात वाजता बंद केली होती, कारण त्या टेबलावरची दोन्ही माणसं खुर्च्या लावायला आणि चहा द्यायला घेतली होती. कपाटांच्या खोलीची किल्ली माझ्याच पर्समध्ये होती. मी आजींना म्हटलं, “उद्या या.” त्या उद्या आल्या नाहीत. परवाही आल्या नाहीत. मी महिनाभर वाट पाहिली.

त्यानंतर मी एक नियम केला आणि निवृत्त होईपर्यंत मोडला नाही. कार्यक्रमाच्या दिवशी देवघेव रोजच्यापेक्षा एक तास जास्त उघडी राहायची. सभागृहाच्या दाराशी एक टेबल, त्यावर त्या विषयाची पंचवीस-तीस पुस्तकं, शेजारी तारखेचा शिक्का, शाईचा पॅड आणि नव्या सभासदांचे फॉर्म. पुस्तकं उभी न ठेवता आडवी मांडायची, मुखपृष्ठ वर. माणूस घरी निघताना त्या टेबलावरून जायलाच हवा. वर्गणीचे पैसे आज खिशात नसतील तर नाव, पत्ता, फोन लिहून घ्यायचा आणि एक पुस्तक विश्वासाने द्यायचं. कमिटीत यावर भांडण झालं. “पुस्तकं गेली तर?” पहिल्या वर्षी चार गेली. पण त्या वर्षी त्या टेबलावरून आलेल्या सभासदांची वर्गणी चार पुस्तकांच्या किमतीपेक्षा कितीतरी जास्त होती, आणि कमिटीतला तो प्रश्न मिटला.

भारतातल्या ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. १२ ऑगस्टला, ग्रंथपाल दिनी, त्यांच्या फोटोला हार घालताना आपण ते म्हणतोही. पुस्तकं उपयोगासाठी आहेत, हा त्यातला पहिला, आणि वाचकाचा वेळ वाचवा, हा चौथा. त्या आजींच्या बाबतीत मी हे दोन्ही मोडले.

आता नटाविषयी. नट बोलवायला माझी ना नाही, पण तो आला तर त्याच्याकडून अभिवाचन करून घ्या, भाषण नको. तुमच्याच कपाटातली कथा द्या, वीस मिनिटांत होईल इतकी, आणि ती संपवू नका. ऐन मोक्यावर थांबवा आणि सांगा, पुढचं टेबलावर आहे. हे मी अनेकदा केलं आहे. त्यासाठी नटही लागत नाही. आमच्या इमारतीच्या खालच्या दुकानातले शिंपीकाका फार सुंदर वाचायचे. त्यांचा आवाज ऐकायला शेजारच्या चाळीतल्या ज्या बायका यायच्या, त्या व्याख्यानाला कधी आल्या नव्हत्या.

अभ्यासिकेतली मुलं हा तर तुमचा हाताशी असलेला खजिना आहे. ती रोज येतात, सात-आठ तास बसतात आणि तुमचं एकही पुस्तक उघडत नाहीत, कारण स्पर्धा परीक्षेची पुस्तकं ती स्वतःची आणतात. त्यांना व्याख्यानाला बसवू नका, अभ्यास बुडाला की ती चिडतात, आणि ते बरोबरच आहे. त्यांच्या पाण्याच्या पिंपाशेजारी एक छोटी मांडणी ठेवा. पातळ पुस्तकं, दोन-तीन पानांचे लेख असलेले संग्रह, आत्मचरित्रं. नोंद नको, शिक्का नको, उचला आणि जागेवर ठेवा. डोकं भणभणलेलं पोर पाणी प्यायला उठतं, उभ्या उभ्या दोन पानं वाचतं, आणि आठवड्याने विचारतं, “मॅडम, हे घरी नेऊ का?” त्या वेळी मात्र सभासदत्वाचा फॉर्म तयार असू द्या.

दिवाळी अंकांचा उल्लेख तुमच्या पत्रात नाही, त्याचं मला आश्चर्य वाटलं. १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी ‘मनोरंजन’ मासिकाचा दिवाळी अंक काढला तो याच मुंबईतून, आणि आजही पुस्तकांच्या वर्गणीला हात आखडणारा माणूस दिवाळी अंक योजनेचे पैसे चटकन देतो. ही माणसं चार महिने आपल्या दारात येतात आणि अंक संपले की नाहीशी होतात. अंक परत घेताना एक प्रश्न विचारायची सवय तुमच्या माणसांना लावा, “यातलं काय आवडलं?” कुणी म्हणालं अमुक बाईंची कथा, तर त्या बाईंचा संग्रह लगेच हातात ठेवायचा. एवढ्या एका प्रश्नाने मला जितके कायमचे वाचक मिळाले, तितके सगळ्या निबंध स्पर्धांनी मिळून दिले नाहीत.

राहिली वेळ. जुन्या गिरणगावात पाळीवरून सुटलेला कामगार वाचनालयात पेपर वाचायला येत असे. आता त्याची नात लोअर परळला किंवा बीकेसीत (वांद्रे-कुर्ला संकुलात) नोकरी करते आणि तिला घरी पोचायला आठ वाजतात. तुमचं दार किती वाजता बंद होतं? आठला असेल तर आठवड्यातून दोनच दिवस साडेनऊपर्यंत उघडं ठेवून पाहा. सकाळचा एक तास कमी करा, खर्च वाढणार नाही.

आणि अहवालात कार्यक्रमाला किती माणसं आली ते लिहिताच, त्याच्या शेजारी आणखी एक रकाना आखा, त्या संध्याकाळी किती पुस्तकं घरी गेली. वर्षभर तो भरा, मग कुठला कार्यक्रम ठेवायचा आणि कुठला बंद करायचा यावर कमिटीत वाद होणार नाही.

प्रश्न : आम्ही भांडुपला राहतो. मुलगा नऊ वर्षांचा, इंग्रजी माध्यमात. मराठी बोलतो छान, पण वाचताना अडखळतो आणि चिडतो. दर रविवारी त्याला वाचनालयाच्या बाल विभागात नेते, तिथे तो फक्त चित्रं बघतो. सक्ती करू का?

उत्तर : नको हो. चित्रं बघतो आहे म्हणजे पुस्तक हातात धरतो आहे, ते हिसकावू नका.

तो अडखळतो ते बहुतेक जोडाक्षरांपाशी. नऊ वर्षांच्या मुलाची समज मोठी असते, पण त्याला वाचता येतील अशी पुस्तकं चार वर्षांच्या मुलांची असतात. त्याला त्याची लाज वाटते, म्हणून तो चिडतो. म्हणून त्याच्या वयाची गोष्ट तुम्ही वाचा, त्याने ऐकावी. रोज रात्री दहा मिनिटं. संवाद आले की एका पात्राची वाक्यं त्याला द्या, आधी अगदी कमी बोलणाऱ्या पात्राची.

अक्षरांचा सराव पुस्तकाबाहेर होऊ द्या. तुम्ही मध्य रेल्वेवर राहता, हे किती सोयीचं आहे! घाटकोपरहून भांडुपला येताना विक्रोळीत ‘क्रो’ भेटतो, कांजूरमार्गला रफार. गाडी थांबायच्या आत फलाटावरची पाटी कोण आधी वाचतं, अशी शर्यत लावा. बेस्टच्या बसवरचे देवनागरी आकडे, वाण्याच्या दुकानातली यादी, सगळं चालतं. आमच्याकडे येणारा एक मुलगा फक्त क्रिकेटच्या बातम्या वाचायचा, ओळीखाली बोट धरून, एकेक अक्षर लावत. ‘त्रिफळाचीत’ हा शब्द पहिल्यांदा एका दमात वाचला, तेव्हा त्याने वृत्तपत्र विभागातल्या सगळ्या आजोबांना तो वाचून दाखवला. आजोबांनी टाळ्या वाजवल्या. शांतता राखा ही पाटी मी त्या दिवशी विसरले.

बाल विभागातल्या बाईंना जाऊन एवढंच सांगा, की याला स्वतः पुस्तक निवडू द्या. त्याने एकच पुस्तक पाच वेळा नेलं तरी नेऊ द्या.

प्रश्न : मी गोरेगावची निवृत्त शिक्षिका. घराचा पुनर्विकास होतोय, भाड्याच्या जागेत चारशे पुस्तकं मावणार नाहीत. जवळच्या वाचनालयाने त्यातली तीसच घेतली. मन दुखावलं.

उत्तर : तुमचं दुःख मला कळतं, पण त्यांच्यावर रागावू नका. दाखल रजिस्टरवर, म्हणजे वाचनालयातल्या पुस्तकांच्या नोंदवहीत, एकदा चढलेलं पुस्तक सहजी काढता येत नाही, आणि मुंबईत एका कपाटाची जागा म्हणजे काय ते तुम्ही आत्ता अनुभवताच आहात. ज्याची प्रत त्यांच्याकडे आधीच आहे किंवा ज्याची पानं मोडताहेत, ते घेऊन ते ठेवणार कुठे?

पुस्तकं पिशवीत भरून नेण्याआधी यादी करा. नाव, लेखक, प्रकाशनाचं वर्ष, स्थिती. बालसाहित्य तुमच्याच जुन्या शाळेला विचारा. शंभर वर्षांपूर्वीचं काही निघालं तर ते रद्दीत जाऊ देऊ नका. १८९८ साली स्थापन झालेल्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाचा संदर्भ विभाग दादर पूर्वेला आहे, तिथे आधी यादी दाखवा.

आणि प्रत्येक पुस्तक एकदा हलवून बघा. आमच्याकडे भेट आलेल्या एका पेटीतून पोस्टाचं पासबुक निघालं होतं, आणि एका ज्ञानेश्वरीतून मुलाने शाळेत असताना आईला लिहिलेली चिठ्ठी. मी ती त्याच संध्याकाळी परळला त्यांच्या घरी नेऊन दिली.